रवळनाथाच्या देवळाला सरकारचे ‘मॅचिंग’ पैसे मिळतात काय? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचं एक गाव. रवळनाथाचं जुनं देऊळ, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, कोरीव लाकडी खांबांचा मंडप, वर कौलं, शेजारी पडायला आलेली धर्मशाळा. गावानं ७ लाख जमवलेत, ओळखीच्या कंत्राटदारानं ३४ लाखांचं कोटेशन दिलंय. अमेरिकेतला पुतण्या म्हणतोय तिकडं आपण एक डॉलर घातला की सरकार एक डॉलर घालतंय, इकडं तसलं काही असेल बघा. आणि कमिटीतली पोरं म्हणतायत, कशाला त्या कागदाच्या भानगडीत पडायचं, सरळ स्लॅब टाकून मोकळं होऊया.

मी सिव्हिल इंजिनियर, बेळगावात राहतो, जुन्या इमारतींची एस्टिमेटं आणि त्यांच्या फायली हेच काम वीस-बावीस वर्षं करतोय. भाऊ, तुम्ही विचारलंय पैशाचं, पण मी सुरुवात पैशापासून करणार नाही. कमिट्या चुकतात त्या तिथंच.

पुतण्या खोटं बोलत नाही. अमेरिकेत नॅशनल पार्क सर्व्हिसकडून ‘सेव्ह अमेरिकाज ट्रेझर्स’ नावाचं अनुदान मिळतं, ते खरंच डॉलरला डॉलर असतं. पण ते राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाची म्हणून नोंद झालेल्या वास्तूलाच, गल्लीतल्या चर्चला नाही. त्यांच्या जतनाच्या फंडात पैसा येतो तो समुद्रातल्या तेल-गॅसच्या भाडेपट्ट्यातून. आपल्याकडं असा एक मोठा हौद नाहीये, आपल्याकडं वेगवेगळे नळ आहेत, आणि तुमचं देऊळ कुणाचं आहे, कुणाच्या यादीत आहे, यावर ठरतं की कुठल्या नळाखाली घागर लावायची.

तुमच्या देवळाला बसणारा, खरोखर मॅचिंग म्हणावा असा नळ कर्नाटकात एकच मोठा आहे. धर्मस्थळचा श्री मंजुनाथेश्वर धर्मोत्थान ट्रस्ट. १९९१ पासून जुन्या मोडकळीस आलेल्या देवळांचं जतन ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याबरोबर करतात. वाटणी ४०-४०-२०, म्हणजे ४० टक्के सरकार, ४० टक्के ट्रस्ट, २० टक्के गाव. यात दोन गोष्टी नीट ऐका. एक, ही स्लॅब टाकून नवं देऊळ बांधायची योजना नाही, जुनं आहे तसं उभं करायची आहे, दगडाला दगड, लाकडाला लाकूड. दोन, त्या २० टक्क्यांना लोक ‘फक्त २० टक्के’ म्हणतात, तिथंच हिशोब फसतो.

तुमचाच आकडा घेऊ. कोटेशन ३४ लाख. मी ते वाचलं, त्यात पेव्हर ब्लॉक आहेत, पुढं पत्र्याचा सभामंडप आहे, महाप्रसादाची किचन शेड आहे. हे सगळं मिळून ४ लाख धरा. हे जतनात बसत नाही, कोण मंजूर करणार नाही. मग मंजूर खर्च ३० लाख. सरकार १२, ट्रस्ट १२, गाव ६. वरचे ४ लाख सगळे तुमचेच. म्हणजे गावाला लागणार १० लाख आणि तुमच्याजवळ आहेत ७. पेव्हर आणि पत्रा सोडला तर आजच तुमच्या वाट्यापेक्षा एक लाख जास्त शिल्लक आहेत! कमिटीत हे मांडून बघा, पत्र्याच्या मंडपावर जीव असलेला कोणीतरी एक असतोच प्रत्येक गावात, त्याच्याशी गोडीनं बोला.

आणि कोटेशनमध्ये जीएसटी कुठंच दिसला नाही मला. बांधकामाच्या कंत्राटावर १८ टक्के आहे. सरकारी ऐतिहासिक वास्तूंच्या कामाला पूर्वी १२ ची सवलत होती ती पण जुलै २०२२ पासून गेली. तो टॅक्स ‘अधिक लागेल’ म्हणून खाली बारीक अक्षरात लिहिला असेल तर ३० लाखांचे ३५ लाख ४० हजार होतात, मंजुरी मात्र ३० चीच राहते आणि फरक गावाच्या डोक्यावर. म्हणून एस्टिमेटच टॅक्स धरून करून घ्या.

आता खरा विषय. उतारा काढलाय काय? म्हणजे देऊळ ज्या सर्व्हे नंबरात किंवा गावठाणात आहे त्याचा. दहातल्या सहा-सात फायली माझ्याकडं इथंच अडकतात. आपल्याकडची गंमत अशी की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळं जुने कागद मराठीत, त्याच्या आधीच्या सनदा मोडीत, आणि आजचं ऑफिस कन्नडमध्ये. देवाच्या नावची इनाम जमीन, कसायला कुळं, १९७४ च्या जमीन सुधारणेत ती कुळांच्या नावावर गेली, आणि खुद्द देवळाची जागा उताऱ्यावर कधी ‘देव रवळनाथ’, कधी वहिवाटदार गुरवाच्या आजोबाचं नाव, तर कधी नुसतं ‘सरकार’. गुरवाचं नाव लागलं म्हणजे गुरव मालक झाला असं नाही, पण अनुदान देणाऱ्या ऑफिसरला हे समजावत बसायची हौस नसते, तो फाईल बाजूला ठेवतो. म्हणून गुरवाच्या घरच्यांना आधी बरोबर घ्या, त्यांच्याशी भांडून आजवर कुठल्याच देवळाचं भलं झालेलं मी बघितलं नाही. त्यांचं स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र, ग्रामसभेचा ठराव, पीडीओंची (पंचायत विकास अधिकारी) सही, आणि जागा गावठाणात असेल तर पंचायतीचा ई-स्वत्तूचा, म्हणजे मिळकतीच्या ऑनलाइन नोंदीचा, कागद. मोडी कागद असेल तर वाचून घेऊन त्याचा कन्नड अनुवाद नोटरी करा. मराठी कागद तसाच जोडला तर कोण नाकारत नाही, पण कोण वाचत पण नाही, हे अनुभवाचं सांगतो. यात वादावादी करून उपयोग नाही, अर्ज कन्नडमध्ये लिहून द्या, शंभर-दोनशे रुपयांत टायपिंगवाला करून देतोय.

कमिटीची नोंदणी बघा. आपल्या भागातल्या जुन्या देवस्थानांची नोंद १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली असायची, बेळगावच्या चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसातली. नंतर कर्नाटकाचा १९९७ चा हिंदू धार्मिक संस्थांचा कायदा आला, तो २००३ पासून लागू झाला. तुमचं देऊळ मुजराईच्या, म्हणजे राज्याच्या देवस्थान खात्याच्या, यादीत आहे की नाही हे तहसीलदार ऑफिसात विचारा. यादीत असेल तर ते ‘सी’ वर्गातच असणार, म्हणजे वर्षाला ५ लाखांच्या आत उत्पन्नाचं. तसं असेल तर कमिटी मनानं काही करू शकत नाही, खात्याची परवानगी लागते, पण मोठ्या देवस्थानांच्या वर्गणीतून जो सामाईक फंड होतो त्यातून लहान देवळांच्या दुरुस्तीला पैसे मागता येतात. यादीत नसेल तर तुमची कमिटी सोसायटी किंवा ट्रस्ट म्हणून नोंदलेली पाहिजे, नुसतं ‘श्री रवळनाथ जीर्णोद्धार कमिटी’ असा रबरी शिक्का चालत नाही वो, तो शिक्का पावती पुस्तकापुरता.

मग संरक्षित आहे काय ते बघा. एएसआयचं, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं, संरक्षित असेल तर निळा बोर्ड असतो, आपला भाग त्यांच्या धारवाड सर्कलखाली येतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, देगावचं कमलनारायण ही त्यांची. तसल्या वास्तूला तुम्ही हात लावायचा नसतो, पैसे पण मागायचे नसतात, तो खर्च त्यांचा. पण लोकांना एक माहीत नसतं, की संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्याच्यापुढं २०० मीटर परवानगीचा पट्टा, १९५८ च्या कायद्यात २०१० साली ही दुरुस्ती झाली. राज्याची स्वतःची वेगळी यादी आहे, १९६१ च्या कायद्याखाली, ती म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याकडं. तुमचं देऊळ दोन्ही यादीत नसणार असं फोटो बघून वाटतंय. तसं असलं तर वाईट वाटून घेऊ नका, धर्मोत्थानसारखी योजना असल्याच देवळांसाठी आहे, जुनं आहे पण कोण वाली नाही.

आता पोरांच्या स्लॅबबद्दल. पोरं वाईट नाहीत, त्यांना गळणारं देऊळ नको आहे एवढंच, आणि ते बरोबरच आहे. पण हिशोब घालून दाखवा त्यांना. पाच इंची स्लॅब, नुसतं तिचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर. मंगलोरी कौलं आणि खालच्या रिपा मिळून साधारण ६५ किलो. चिऱ्याची भिंत चुन्यात किंवा मातीत बांधलेली, पाया वर्षानुवर्षं ६५ किलोच्या हिशोबात बसलेला, त्याच्यावर एकदम चार-पाच पट बोजा आला की पहिल्या दोन पावसात कोपऱ्यातनं भेगा पडतात. मग पोरं म्हणतात भिंतीच कुजल्यात, भिंती पण पाडूया. असं करत करत देऊळ संपतं आणि ग्रॅनाईटची खोली उभी राहते. कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. तिथं उतरतं कौलारू छप्परच पाहिजे, सपाट स्लॅबवर पाणी साठलं की वर पुन्हा पत्रा घालतातच की! किती गावांत बघितलंय मी, स्लॅबवर पत्रा.

भिंतीला सिमेंटचा गिलावा पण नको. चिरा पाणी पितो आणि उन्हात सोडतो, त्याचा श्वास असतो तसा. वर सिमेंट थापलं की आत आलेलं पाणी बाहेर पडत नाही, ते गिलाव्यामागं साठतं, आणि चार-पाच वर्षांनी गिलावा पडतो तो चिऱ्याची साल घेऊनच पडतो. चुन्याचा गिलावा मऊ असतो, झिजतो, पण झिजायचं त्यानं, भिंतीनं नाही. चुना चांगला भिजवून निदान काही आठवडे मुरवायचा, मग दगडी घाण्यात मळायचा, गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर, हे आपल्या डोंगरातलंच सामान आहे, हिरडा तर तुमच्या रानात पायाखाली पडलेला असतो. पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर सावकाश वाळू द्यायचा, ओलसर ठेवायचा, कारण चुना सिमेंटसारखा पाण्यानं घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला वेळ लागतोच. हे काम करणारे गवंडी कमी झालेत पण संपले नाहीत, आणि कोटेशन देणारा तुमचा कंत्राटदार त्यातला नाही, हे त्याच्या कोटेशनवरूनच कळतं, चुना हा शब्द एकदाच आलाय आणि तो पण रंगकामात.

यातनं एस्टिमेटची अडचण येते. पीडब्ल्यूडीच्या एसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरपत्रकात, सिमेंट काँक्रीटचा दर मिळतो, पण मुरवलेल्या चुन्याचा, सागवानाच्या कोरीव तुळईला सांधा मारायचा, जुनी कौलं उतरवून धुवून परत चढवायचा दर तसा सरळ मिळत नाही. मग रेट ॲनालिसिस करावं लागतं, माल किती, मजुरी किती दिवस, वाहतूक किती, कागदावर मांडून. ज्या इंजिनियरनं हे कधी केलं नाही तो सरळ एसआरमधला जवळचा आयटम उचलतो, म्हणजे चुन्याच्या जागी सिमेंट, आणि एकदा मंजूर एस्टिमेटमध्ये सिमेंट आलं की साइटवर पण सिमेंटच येतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या देवळांचं निम्मं नुकसान पैशाअभावी नाही, एसआरमुळं झालंय. एस्टिमेट करणाऱ्याला तेवढे चार पैसे जास्त द्या, पण जतनाचं काम केलेलाच माणूस धरा.

मंजुरी येईपर्यंत कशालाच हात लावू नका. हे मी अधोरेखित करून सांगतोय. आधी केलेलं काम नंतर मॅचिंगमध्ये धरत नाहीत, आणि ज्याचं जतन करायचं तेच तुम्ही घासून काढलं तर अर्जाला अर्थ राहत नाही. एका गावात, नाव घेत नाही, वर्गणी जास्त झाली म्हणून कमिटीनं दगडावरचा जुना ऑइल पेंट ग्राइंडरनं काढला. मी बघायला गेलो तेव्हा देवळाच्या दाराशेजारच्या जुन्या कन्नड शिलालेखाच्या खालच्या तीन ओळी सपाट झालेल्या. ग्राइंडर मारणारा पोरगा मला म्हणतो, “सर किती क्लीन झालंय बघा की!” त्याला काय बोलणार मी. तुमच्याकडं आवारात वीरगळ असतील, सतीशिळा असतील, पायरीला लावलेला एखादा अक्षरांचा दगड असेल. त्यांना धुवायचं नाही, शेंदूर खरवडायचा नाही, फक्त फोटो काढायचे, शेजारी फूटपट्टी ठेवून, सकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. देवळाच्या चारी बाजूंचे, छताच्या आतले, गळतीच्या डागांचे, वाळवीचे, सगळे फोटो तारखेसकट. सेवा म्हणून करायला कॉलेजमधल्या पोरांना सांगा, ती उत्साहानं करतील, आणि तीच पोरं मग स्लॅब विसरतील बघा.

वेळापत्रकाचं एक दुखणं आहे, ते आधीच माहीत असू दे. चुन्याचं काम दिवाळीनंतर ते मे पर्यंतच. जूनला पाऊस लागला की छप्पर उघडं ठेवून चालत नाही. आणि सरकारी पैसा नेमका जानेवारी-फेब्रुवारीत हलतो, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा म्हणून फोन सुरू होतात. चुन्याला मार्च कळत नाही. म्हणून शहाणपणाची गोष्ट ही की पहिल्या हप्त्यातून असल्या वस्तू घ्यायच्या ज्या खर्च म्हणून पण दिसतात आणि थांबल्यानं बिघडत पण नाहीत, सागवान, कौलं, चुना. चुना पाण्याखाली भिजवून ठेवला की थांबून उलट चांगलाच होतो. लाकूड सुकायला वेळ मिळतो. बिलं आणि मालाची नोंद वही मात्र चोख, आणि असा माल खरेदीत घ्यायला मंजुरीपत्रात अडचण नाही ना हे आधी वाचून घ्यायचं, नाहीतर मेजरमेंट बुकात झालेलं कामच मोजतात, पडलेला माल मोजत नाहीत.

पैसे एकदम मिळत नाहीत, हप्त्यानं मिळतात, आणि पुढचा हप्ता आधीच्याचा हिशोब दिल्यावर. म्हणजे मधले दोन-तीन महिने मिस्त्री-मजुरांचा पगार गावाच्या पैशातनं चालवायचा असतो. तुमच्या ७ लाखांतले निदान २ लाख या मधल्या काळासाठी मोकळे ठेवा. वर्गणीची यादी म्हणजे पैसे नव्हेत, ‘अमक्यानं ५० हजार बोललेत’ हे बँक पासबुकात दिसत नाही. आपला वाटा आधी बँकेत, मग अर्ज.

खातं वेगळं उघडा. यात माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका कमिटीचं काम बघत होतो, पहिला हप्ता आला तो कमिटीच्या नेहमीच्या खात्यात घेतला, त्याच खात्यात जत्रेची वर्गणी, त्यातनंच मंडपवाल्याचे पैसे, पालखीचे पैसे. ऑडिटला बसलो तर अनुदान कुठलं, नारळाचे पैसे कुठले, कोणालाच सांगता येईना, वर व्याज वेगळं. अनुदानावर पडलेलं व्याज पण सरकारचं असतं, ते परत करावं लागतं, केंद्राच्या आर्थिक नियमांत तर ते स्पष्टच लिहिलंय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसरा हप्ता चौदा महिने अडकला. मंडपाचं एक अंग उघडं राहिलं आणि मध्ये एक पावसाळा गेला. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी प्लास्टिक धरून देव झाकला. अजून त्या गावाकडं गेलो की मी खाली मान घालूनच जातो.

तेव्हापासून नियम केलाय, वेगळं खातं, दोन सह्या, रोखीनं काही नाही, प्रत्येक बिलाला फोटो. केंद्राचं अनुदान असेल तर विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच लागल्याचा दाखला, ठरलेल्या नमुन्यात, १२-अ म्हणतात त्याला, सीएच्या सहीनं, शिवाय संस्थेची दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवर नोंद आणि खातं पीएफएमएस या केंद्राच्या पैसे वाटपाच्या यंत्रणेला जोडलेलं लागतं.

बाकीच्या नळांचं पटापट सांगतो. खासदार फंडातून देवळाला पैसे मिळत नाहीत, प्रार्थनास्थळाच्या आत आणि धार्मिक संस्थेच्या जागेवर ते काम करायलाच मनाई आहे, त्यामुळं साहेबांनी जाहीर सभेत सांगितलं तरी त्याच्या मागं लागू नका. त्यांच्याकडनं गावचा रस्ता, गटार मागा, पावसाचं पाणी देवळाच्या पायात जातंय ते गटारानं थांबलं तर तेवढंच जतन झालं. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठी काढायचा पैसा, हा बरा रस्ता आहे, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती आणि स्थळांचं जतन नाव घेऊन दिलंय. पण त्यासाठी संस्थेला आयकर खात्याची नोंदणी (१२ए, ८०जी म्हणून ओळखली जाणारी) आणि सीएसआर घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी लागते, शिवाय कंपनीला स्वतःचं नाव कुठं लिहिलं जाईल याची काळजी असते, ते आधीच लेखी ठरवून घ्या, नाहीतर गाभाऱ्याच्या दारावर स्टीलचा बोर्ड येतो. नॅशनल कल्चर फंड म्हणून केंद्राचा एक ट्रस्ट आहे, १९९६ चा, त्याला दिलेल्या देणगीवर पूर्ण कर सवलत मिळते आणि देणगीदाराला कामाचं नाव सांगता येतं, पण ती वाट मोठ्या, बहुतेक संरक्षित वास्तूंची आहे, तुमच्यासारख्या देवळानं तिकडं वेळ घालवू नये असं माझं मत.

पुतण्याचे पैसे. हे नीट विचारा त्याला: पासपोर्ट कुठला? भारताचा पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतनं बँकेतून पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचा नागरिक झाला असेल, मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी झाली, आणि २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली कमिटीची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेणं गुन्हा आहे. काका म्हणून त्यानं तुमच्या पर्सनल खात्यात पाठवायचे आणि तुम्ही कमिटीला द्यायचे, असली आयडिया कोणीतरी देईलच, ती नको. त्याला सांगा गावी येऊन पोरांना समजाव, तेवढं पुष्कळ आहे.

धर्मशाळेचं वेगळं आहे. ती देवळाच्या अर्जात घुसवू नका, दोन्ही अडकतील. देवळाची फाईल पुढं गेली की धर्मशाळेसाठी सीएसआर बघता येईल, तिथं पूजा होत नाही हाच तिचा फायदा, शाळा, वाचनालय, वारकऱ्यांचा मुक्काम असला वापर दाखवता येतो. आणि याच प्रश्नाखाली निपाणीकडच्या एकानं स्वतःच्या राहत्या वाड्याबद्दल विचारलं होतं, त्यांना सरळ सांगतो दादा, वर सांगितलेला एकही नळ खासगी राहत्या वाड्याला लागत नाही. कौलं वेळेवर परतवा, भिंतीतली पिंपळाची मुळं कोवळी असतानाच काढा आणि भाऊबंदांचा वाटणीचा निकाल लावा, वाडे पडतात ते याच तीन गोष्टींनी.

हो, आणि महाराष्ट्र सरकारकडं मागता येईल काय असं पण विचारलंय. सीमाभागातल्या संस्थांसाठी तिकडून मदत येते हे खरं, पण इमारतीचं जतन हा वेगळा विषय आहे. इमारत ज्या राज्याच्या कारभारात उभी आहे त्याच राज्याच्या खात्याची परवानगी तिला लागते, महाराष्ट्राचा पुरातत्त्व विभाग त्याच्या हद्दीतच काम करतो. मनात काय असायचं ते असू दे, देवळाची फाईल त्यात अडकवू नका.

आता लगेच करायचं म्हटलं तर उतारा काढा, गुरवाच्या घरी जाऊन चहा प्या, ग्रामसभेचा ठराव घ्या, पेव्हर आणि पत्रा कोटेशनमधनं काढा. दिवाळी झाली की मी एकदा येऊन मापं घेऊन जातो, गाडीचा खर्च तेवढा बघा.

आणि फोटोत मंडपाबाहेर ते दोन कोरीव खांब आडवे पडलेले दिसतायत, मातीवर, वर निळं प्लास्टिक गुंडाळून. ते आजच्या आज आत घ्या वो. प्लास्टिक काढा, त्याच्या आत घाम धरून लाकूड लवकर कुजतं. चार-चार विटा ठेवून त्यावर ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका, भिंतीपासून हातभर लांब, वारा लागेल असे. कुठला खांब कुठल्या बाजूचा होता ते खडूनं बुडाला लिहून ठेवा, पुजाऱ्यांना आठवत असेल तोवरच.